पान्याची पदवी, पाण्याचा पगार

अमेरिकेतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा, अर्धा इंची तांब्याचा पाईप मागा आणि कॅलिपर लावून मोजा. बाहेरून भरेल पाच अष्टमांश इंच. आतून मोजाल तर तिथंही बरोबर अर्धा इंच मिळणार नाही, पाईपाची भिंत किती जाड यावर आकडा थोडा कमीजास्त होईल. लोखंडी पाईप तर त्याहून वस्ताद! नाव अर्धा इंची, बाहेरचा व्यास ०.८४ इंच. म्हणजे अर्धा इंची पाईपात अर्धा इंच कुठेच नाही. कम्युनिटी कॉलेजातला प्लंबिंगचा अभ्यास अशा गमतींपासून सुरू होतो. पुढे तो हळूहळू गणितात, जीवशास्त्रात, कायद्यात आणि शेवटी बँकेच्या खात्यात शिरतो.

सहा पोरांचं कॉलेज

कम्युनिटी कॉलेज ही अस्सल अमेरिकन चीज. १९०१ साली शिकागोजवळच्या जोलिएट गावात सहा विद्यार्थ्यांवर पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज निघालं. आज देशभर अशी हजारेक कॉलेजं आहेत. बारावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यास, घरून जा-ये, प्रवेशासाठी कटऑफची मारामारी नाही. पलीकडच्या बाकावर अठरा वर्षांचा पोरगा असेल, नाहीतर फौजेतून परतलेला चाळिशीचा गडी, नाहीतर दिवसभर नोकरी करून संध्याकाळच्या वर्गाला आलेली दोन मुलांची आई.

आता फी. २०२३-२४ मध्ये सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजची वर्षाची सरासरी फी होती ३,९९० डॉलर. आपल्याच राज्यातल्या चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठाची ११,२६०. खासगी विद्यापीठाची ४१,५४०. कॅलिफोर्नियात तर राज्यातल्या रहिवाशाला अभ्यासाच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात. म्हणजे तीस युनिटांचं प्रमाणपत्र घ्यायचं तर फी १,३८० डॉलर. पुस्तकं, बूट आणि पाना वेगळा.

लॉस एंजेलिस ट्रेड-टेक्निकल कॉलेज हे यातलं जुनं नाव. १९२५ मध्ये ते फ्रँक विगिन्स ट्रेड स्कूल म्हणून सुरू झालं. तिथं एकाच आवारात फॅशन डिझाइन शिकवतात, स्वयंपाक शिकवतात आणि प्लंबिंगही. कॅन्टीनमधल्या गप्पा काय रंगत असतील!

ज्या कमोडवर कुणी बसत नाही

प्लंबिंगची प्रयोगशाळा हा बघण्यासारखा प्रकार आहे. लाकडी खांबांच्या उघड्या भिंती, त्यांच्यातून फिरवलेले पाईप, रांगेनं बसवलेले बेसिन आणि कमोड. वापरायला सक्त मनाई. विद्यार्थी अख्खं न्हाणीघर उभं करतात, मास्तर तपासतात, मग सगळं खोलून पुढच्या तुकडीला जागा मोकळी करून देतात.

अमेरिकन घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. आपल्याकडे विटांच्या भिंतीत छिन्नी-हातोड्यानं झिरी पाडली की पाईप बसला. तिथं भोक पाडायलासुद्धा कायदा आहे: वजन पेलणाऱ्या खांबाला त्याच्या रुंदीच्या चाळीस टक्क्यांपेक्षा मोठं भोक चालत नाही. एक टक्का वाढला तर इन्स्पेक्टर काम नापास करतो. पाईप कसाही सुंदर जोडलेला असो, नापास म्हणजे नापास.

सांडपाण्याच्या पाईपांची परीक्षाही मजेदार. सगळी तोंडं बुचानं बंद करायची, वर दहा फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा करायचा आणि पंधरा मिनिटं बघत बसायचं. एक थेंब गळला तरी पुन्हा सुरुवात. आपल्या नव्या फ्लॅटच्या ताब्याआधी बिल्डरकडे ही मागणी करून बघा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

शाळेत गणितानं छळलेली पोरं इथं येऊन पायथागोरसला शरण जातात. पाईप वाटेतल्या खांबाला चुकवून दहा इंच बाजूला सरकवायचा आहे, कोपरे पंचेचाळीस अंशांचे. मधला तिरका तुकडा किती लांब? दहा गुणिले १.४१४, म्हणजे १४.१४ इंच. दोनाचं वर्गमूळ मुखपाठ असलेले कारागीर जगात फार धंद्यांत नसतील. बावीस पूर्णांक एक द्वितीयांश अंशाच्या कोपऱ्यांसाठी २.६१३. हे आकडे टोपीच्या आत लिहून ठेवणारेही भेटतात म्हणे.

आणि एक प्रश्न असा, की त्यावर एका शास्त्रज्ञानं कितीतरी वर्षं घालवली. शंभर घरांच्या इमारतीत एकाच क्षणी किती जण फ्लश ओढतील? शंभरही ओढतील असं धरून पाईप टाकला तर तो बोगद्याएवढा होईल. दोनच धरले तर सकाळी सात वाजता हाहाकार. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रॉय हंटर यांनी १९४० मध्ये याचं उत्तर संभाव्यतेच्या गणितानं दिलं. अंदाजापेक्षा जास्त गर्दी शंभरातल्या एखाद्याच क्षणी व्हावी, एवढा पाईप पुरे. नाणं उडवण्याच्या गणितातून निघालेला हा 'हंटर वक्र' पुढे जगभरच्या नळांचं माप ठरवत राहिला, आपल्याकडेही. त्याआधी १९२० च्या दशकात प्लंबिंगचे किमान नियम ठरवणारी समिती नेमली होती तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी. हे गृहस्थ पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मंदीनं त्यांचं नाव धुळीला मिळवलं, पण प्लंबर मंडळी अजून 'हूवर कोड' म्हणून त्यांची आठवण काढतात.

चार इंच पाण्याची राखण

बेसिनखाली पाईपाला जो वाकडा गळा, म्हणजे ट्रॅप, असतो तो साबणाचा फेस साठवायला नाही. त्यात दोन ते चार इंच पाणी कायम उभं राहतं, आणि गटारातला वायू, झुरळं, जंतू यांना घरात येण्याची वाट तेवढं पाणी अडवतं. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीनं असा वळणदार पाईप लावलेल्या कमोडचं पेटंट घेतलं. (थॉमस क्रॅपरनं कमोडचा शोध लावला ही लोणकढी थाप आहे. क्रॅपरचा जन्मच १८३६ चा. फ्लशचा कमोड तर १५९६ मध्येच पहिल्या एलिझाबेथ राणीच्या धर्मपुत्रानं, सर जॉन हॅरिंग्टननं मांडला होता.)

हे पाणी सुकलं तर काय होतं? २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ आली आणि तीनशेहून जास्त रहिवाशांना लागण झाली. तपास करणारे घराघरांतल्या न्हाणीघरांत पोचले. लोक फरशी पाण्यानं धूत नव्हते, नुसती पुसत होते. त्यामुळे फरशीच्या जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडलेले. वर एक्झॉस्ट पंखा लावला की तो मैलापाण्याच्या पाईपातली हवा, विषाणूसकट, घरात ओढून घ्यायचा. एवढी मोठी साथ, आणि तिच्या वाटेत एक तांब्याभर पाणी कमी पडलं.

तेव्हा मे महिन्यात गावाहून परत आल्यावर घरात कुबट वास आला तर अगरबत्ती लावू नका. न्हाणी ट्रॅपमध्ये मगभर पाणी ओता. ही टीप फुकट, अमेरिकेत तिचे तासाप्रमाणे पैसे घेतात.

पाणी उलटं फिरतं तेव्हा

माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातला सर्वांत रंगतदार धडा हा. १९६९ सालची गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ सरावाला आला. ऑगस्टची उकाड्याची दुपार, पोरांनी मैदानाकडेच्या नळाचं पाणी पोटभर प्यायलं. काही आठवड्यांनी एकामागून एक खेळाडू पिवळे पडू लागले. कावीळ! संघातल्या नव्वदच्या आसपास माणसांना लागण झाली, हार्वर्ड आणि डार्टमथविरुद्धचे दोन सामने कसेबसे खेळून उरलेला हंगाम रद्द करावा लागला.

पाणी तर नगरपालिकेचं शुद्ध होतं. मग? गावात आग लागली होती, बंबवाल्यांनी हायड्रंट उघडले, मुख्य नळातला दाब एकदम कोसळला. दाब कोसळला की पाईप उलट दिशेनं ओढतो. मैदानावरच्या फवाऱ्याच्या खड्ड्यात साचलेलं पाणी त्यानं ओढलं. त्या खड्ड्यात शेजारची मुलं खेळायची आणि त्यांच्यात कावीळ होती. प्यायच्या पाण्यात ते पाणी मिसळलं. एक झडप बसवली असती तर हंगाम वाचला असता.

शिकागोचा किस्सा याहून भयंकर. १९३३ चं जागतिक प्रदर्शन, देशभरातून माणसं लोटलेली, आणि दोन बड्या हॉटेलांत पाण्याच्या आणि मैल्याच्या पाईपांची गफलत. अमीबाच्या आवेची साथ पसरली. चौदाशेहून जास्त रुग्ण, ९८ मृत्यू. पाहुणे आजारी पडेपर्यंत आपापल्या गावी परतलेले, त्यामुळे साथीचा उगम शोधताना आरोग्य खात्याची दमछाक झाली.

म्हणून आज बॅकफ्लो टेस्टर नावाचा स्वतंत्र व्यवसाय आहे. हॉटेल, इस्पितळ, बागेचे फवारे, कारखाने, सगळीकडे उलटं पाणी रोखणारी उपकरणं बसवावी लागतात आणि बहुतेक ठिकाणी ती वर्षातून एकदा तपासून घ्यावी लागतात. साधारण चाळीस तासांचा कोर्स, परीक्षा, हातात गेज. काम स्वच्छ, गुडघे शाबूत आणि गिऱ्हाईक दरवर्षी ठरलेलं. घरात बसून एवढं करा: नळाला लावलेल्या रबरी नळीचं टोक साबणाच्या बादलीत बुडवून ठेवू नका. होली क्रॉसचीच ती छोटी आवृत्ती.

प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे बरं का!

इथं अनेकांची फसगत होते. कॉलेजचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे प्लंबर झालो असं नाही. त्यानं दार उघडतं, एवढंच. पुढे अप्रेंटिस, मग जर्नीमन, मग मास्टर, अशी शिडी आहे आणि ती तासांनी मोजतात. चार ते पाच वर्षं कामावर, वर दरवर्षी साधारण १४४ तास वर्गात. ते वर्ग पुष्कळदा पुन्हा कम्युनिटी कॉलेजातच भरतात. टेक्ससमध्ये जर्नीमनच्या परीक्षेआधी आठ हजार तासांचा अनुभव दाखवावा लागतो. आपल्याकडे गुरूच्या घरी पाणी भरायची पद्धत होती, तिथं पाण्याचे पाईप भरतात आणि त्याचा पगार मिळतो. अप्रेंटिसची सुरुवात जर्नीमनच्या साधारण अर्ध्या मजुरीनं होते आणि दरवर्षी ती वाढते. इंजिनीअरिंगचा मित्र चौथ्या वर्षी कर्जाचा आकडा बघून घाम पुसत असतो, तेव्हा हा ओव्हरटाइमचा हिशेब करत असतो.

विस्कॉन्सिननं अप्रेंटिसशिपचा कायदा १९११ मध्येच केला, केंद्र सरकारला त्यासाठी १९३७ उजाडावं लागलं. प्लंबर आणि पाईपफिटरांची मोठी युनियन, युनायटेड असोसिएशन, त्याही आधीची. १८८९ ची. या युनियनची एक गंमत: दर ऑगस्टमध्ये मिशिगनच्या वॉशटेनॉ कम्युनिटी कॉलेजात देशभरचे प्लंबिंगचे मास्तर स्वतः विद्यार्थी होऊन बसतात. शिकवायचं कसं, हे शिकायला. या कॉलेजमार्फत अप्रेंटिसला कामाच्या प्रशिक्षणातूनच असोसिएट पदवीही पुरी करता येते. टोपी-झग्याच्या खाली कामाचे बूट!

लायसन्स किती गंभीर असतं याचे दोन पुरावे. २००८ च्या निवडणुकीत 'जो द प्लंबर' हे नाव गाजलं. ओबामांना करावरून प्रश्न विचारणारा हा ओहायोचा गृहस्थ, ओबामांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांनी टीव्हीवरच्या वादविवादात त्याचा उल्लेख पुन्हापुन्हा केला. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी शोध घेतला तर गड्याकडे प्लंबरचं लायसन्सच नव्हतं. दुसरा पुरावा टेक्ससचा. २०१९ मध्ये तिथल्या विधिमंडळाला प्लंबिंग मंडळाची मुदत वाढवायचं जमलं नाही, आणि लायसन्स देणारी यंत्रणाच गुंडाळली जाणार अशी वेळ आली. आपला प्रतिस्पर्धी उद्या कुणीही होऊ शकतो हे दिसताच प्लंबर खवळले. शेवटी गव्हर्नरांनी हार्वी वादळानंतरच्या आपत्कालीन अधिकारांचा आधार घेऊन मंडळाला दोन वर्षांचं जीवदान दिलं. वादळ २०१७ चं, मंडळ वाचलं २०१९ मध्ये. सरकारी कल्पकतेला सीमा नसते, हे सगळीकडे खरं.

आकडा सांगा हो, आकडा!

मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार प्लंबर, पाईपफिटर आणि स्टीमफिटर यांचा वर्षाचा मध्यम पगार ६२,९७० डॉलर. सगळ्या नोकऱ्यांचा मिळून मध्यम पगार ४९,५००. रुपयांत गुणाकार करण्याआधी एक लक्षात घ्या, घरभाडंही डॉलरमध्येच द्यायचं असतं. आणि हा पैसा फुकटचा नाही. घराखालच्या दीड फुटी पोकळीत सरपटायचं, रात्री दोनला तुंबलेल्या गटाराच्या फोनला 'येतो' म्हणायचं, पन्नाशीत गुडघ्यांशी वाटाघाटी करायच्या. कॉलेजच्या माहितीपत्रकात गुडघ्यांचा फोटो नसतो.

पण 'प्लंबर' या एका पाटीमागे किती दारं आहेत ते बघा.

इस्पितळाचे वायुपाईप बसवणारा वेगळा. ऑक्सिजनच्या पाईपात कणभर तेल किंवा काजळी राहून चालत नाही, म्हणून तांब्याचे जोड डाखताना पाईपात नायट्रोजन सोडत राहावं लागतं, नाहीतर आतून काळी खपली धरते आणि सुटून रुग्णाकडे जाऊ शकते. यासाठी चार वर्षांच्या अनुभवानंतर ३२ तासांचा खास कोर्स आणि परीक्षा. २०२१ च्या कोविड लाटेत ऑक्सिजनची पाईपलाईन म्हणजे काय ते आपल्याकडे घरोघरी कळलं. त्याआधी तिच्याकडे कोण बघत होतं?

आग विझवणारे फवारे बसवणारा स्प्रिंकलर फिटर. वीजकेंद्रातली वाफ खेळवणारा स्टीमफिटर. संगणकांची प्रचंड गोदामं गार ठेवणारे पाईप जोडणारा पाईपफिटर, ज्याला सध्या भलताच भाव आहे. ऊन बघून कंटाळा आला तर आत बसून संगणकावर इमारतीचे पाईप आखणारा ड्राफ्ट्समन, खर्चाचा अंदाज काढणारा एस्टिमेटर, किंवा इतरांचं काम नापास करण्याचं सुख उपभोगणारा इन्स्पेक्टर.

शिसं काढण्याचं काम तर पुढची कित्येक वर्षं पुरेल. अमेरिकेत मुख्य नळापासून घरापर्यंत शिशाचे पाईप टाकायला १९८६ मध्ये बंदी झाली. शिकागोनं कमालच केली होती: बंदी येईपर्यंत तिथल्या नियमात शिशाचाच पाईप सक्तीचा होता! त्यामुळे आज सर्वांत जास्त शिशाचे पाईप त्या एकाच शहरात आहेत, चार लाखांच्या घरात. २०२१ च्या कायद्यानं देशभर ते बदलायला १५ अब्ज डॉलर दिले आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दहा वर्षांत सगळे बदला असा नियम निघाला.

एवढी घाई का, ते फ्लिंटला विचारा. मिशिगनच्या या शहरानं पैसे वाचवायला एप्रिल २०१४ मध्ये नदीचं पाणी घेतलं आणि पाईपांना आतून संरक्षक थर देणारं रसायन घालायचं टाळलं. शिसं पाण्यात उतरलं. नागरिक तक्रारी करत होते, अधिकारी पाणी उत्तम आहे म्हणत होते. त्याच ऑक्टोबरात जनरल मोटर्सनं मात्र इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ते पाणी बंद केलं. इंजिनाला चालेना ते पाणी मुलं पुढे वर्षभर पीत राहिली. २०१६ च्या जानेवारीत एका शनिवारी युनियनचे तीनशेच्या आसपास प्लंबर फ्लिंटमध्ये आले आणि घरोघरी फुकट नळ आणि फिल्टर बसवून गेले. त्या दिवसाची हजेरी कुठल्याही तासांच्या वहीत धरली असेल तर मला आनंद होईल.

हलकंफुलकं काम हवं? कमोड तपासण्याचं आहे. १९९२ च्या कायद्यानं अमेरिकेत नव्या कमोडच्या फ्लशला १.६ गॅलनची, म्हणजे सहा लिटरची मर्यादा घातली. १९९४ पासून ती लागू झाली. सुरुवातीचे कमोड इतके ढिम्म निघाले की लोक कॅनडातून जुन्या मापाचे चोरून आणू लागले. मग २००३ मध्ये एक चाचणी निघाली. पातळ वेष्टनात सोयाबीनची पेस्ट भरायची, कमोडमध्ये टाकायची, फ्लश ओढायचा. पन्नास पन्नास ग्रॅमनं वाढवत हजारापर्यंत. पहिलवानाला किती डाव जमतात तसे कमोडला गुण! सोयाबीन पडेल भावात विकणाऱ्या आपल्या लातूरच्या शेतकऱ्याला या बाजारपेठेची कल्पना नसावी.

आणि सर्वांत लांबचं गिऱ्हाईक? २००८ च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातला रशियन बनावटीचा संडास बिघडला. नवा पंप मॉस्कोहून विमानानं फ्लोरिडाला आणला, घाईघाईनं डिस्कव्हरी यानात चढवला आणि जूनमध्ये वर पोचवला. तोवर अंतराळवीरांनी काय केलं, हे जेवताना वाचणाऱ्यांसाठी इथंच थांबवतो.

पान्यातून पदाकडे

ब्रॉन्क्सचा एक पोरगा शाळा सोडून वडिलांसारखा प्लंबर झाला. जॉर्ज मीनी त्याचं नाव. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या दोन महासंघांचं विलीनीकरण होऊन कामगारांची जी सर्वांत मोठी संघटना बनली, तिचा तो पहिला अध्यक्ष. १९७९ पर्यंत त्यानं ती खुर्ची सोडली नाही. ओक्लाहोमाचे मार्कवेन मलिन विसाव्या वर्षी वडिलांच्या प्लंबिंग कंपनीत उतरले, २०१० मध्ये, संसार आणि धंदा चालू असताना, असोसिएट पदवी घेतली आणि २०२३ मध्ये सिनेटमध्ये बसले. १९५१ मध्ये व्हर्जिनियाच्या अर्लिंग्टनमधली लिलियन बॉमबाख एकविसाव्या वर्षी मास्टर प्लंबरची परीक्षा पास झाली. देशातली पहिली महिला मास्टर प्लंबर म्हणून तिचे फोटो छापून आले, पण वर्तमानपत्रांनी तिच्या सोल्डरिंगपेक्षा तिच्या दिसण्यावरच जास्त शाई खर्च केली. आजही तिथं हा धंदा जवळजवळ पुरुषांचाच आहे.

आइन्स्टाईनलाही प्लंबर व्हायचं होतं. तेव्हाच्या राजकारणाला विटून त्यांनी १९५४ मध्ये एका नियतकालिकाला लिहिलं की पुन्हा तरुण झालो तर शास्त्रज्ञ न होता प्लंबर किंवा फेरीवाला होणं पत्करेन. शिकागोच्या प्लंबर युनियननं ताबडतोब त्यांना मानद सदस्य करून टाकलं. १.४१४ चा पाढा त्यांना जमला असता.

निक्सन यांच्या 'प्लंबरां'ची जात मात्र वेगळी. १९७१ मध्ये गुप्त कागद फुटू लागले तेव्हा गळती थांबवायला एक टोळी नेमली गेली आणि व्हाइट हाऊसशेजारच्या इमारतीत सोळा नंबरच्या खोलीवर खरोखरच 'प्लंबर्स' अशी पाटी लागली. या मंडळींनी पुढे वॉटरगेटमध्ये अशी काही गळती लावली की राष्ट्राध्यक्ष वाहून गेले. लायसन्स नसलेल्याकडून काम करून घेतलं की असं होतं.

सेंट पॅट्रिक डेला शिकागो नदी हिरवीगार होते, तो उद्योगही प्लंबरांचाच. चोरून नदीत सोडलेलं सांडपाणी कुठून येतं ते शोधायला ते एक रंग वापरायचे. एकाचे कपडे त्या रंगानं हिरवे झालेले युनियनच्या म्होरक्यानं पाहिले आणि त्याच्या आयरिश डोक्यात कल्पना चमकली. १९६२ मध्ये शंभर पौंड रंग टाकला. नदी आठवडाभर हिरवी राहिली! आता जरा बेतानं टाकतात, तोही वनस्पतीजन्य. पूड असते केशरी, पाण्यात पडली की हिरवी.

आपल्या बंटीनं जावं का?

हा प्रश्न येणारच. तर, तिथं शिकायला व्यवसायशिक्षणाचा एम-१ व्हिसा मिळतो, पण शिक्षणानंतर कामाची मुभा चार महिन्यांच्या अभ्यासाला एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने. आठ हजार तास त्यात बसत नाहीत. म्हणजे ही शिडी मुख्यतः तिथं राहणाऱ्यांसाठी, ग्रीनकार्डवाल्या भाच्या-पुतण्यांसाठी. त्यांनी मात्र जरूर विचार करावा, मामा काय म्हणेल याची पर्वा न करता.

इथं बसलेल्यांसाठी आयटीआयचा प्लंबर ट्रेड आहे, एक वर्षाचा. ओडिशानं तर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडाईला प्लंबिंगची सरकारी संस्थाच काढली आहे. त्या भागातले प्लंबर मुंबईपासून सर्वदूर पोचलेत, तुमच्या सोसायटीतही एखादा असेल, विचारून बघा. आणि अमेरिकेचा धागा इथवर येतोच: १९२६ मध्ये लॉस एंजेलिसच्या इन्स्पेक्टरांनी सुरू केलेल्या संघटनेची भारतीय शाखा इथं आहे आणि इंडियन प्लंबिंग असोसिएशनबरोबर तिनं २००८ मध्ये भारतासाठी प्लंबिंगची संहिता काढली.

राहता राहिला जगातला सर्वांत प्रसिद्ध प्लंबर. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये मारियो सुतार होता. १९८३ च्या 'मारियो ब्रदर्स'मध्ये खेळ जमिनीखालच्या पाईपांत गेला आणि त्याचा धंदा बदलला. २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या जपानी संकेतस्थळानं तो फार पूर्वी प्लंबर होता असं वाटतं, असा मोघम खुलासा केला, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा कामावर घेतलं. न्यूयॉर्क शहरात मास्टर प्लंबरच्या लायसन्सला सात वर्षांचा अनुभव लागतो. मारियोच्या सात वर्षांचे कागद कुणाच्या सहीचे, हे निन्टेन्डोनं अजून सांगितलेलं नाही.